काडी ओढण्याआधी

होळी झाली की आपल्याकडं रान साफ करायची घाई सुटते. तुरीच्या तुराट्या, कापसाची पऱ्हाटी, उसाचं पाचट, बांधावरचं वाळलेलं गवत, सगळ्यावर एकच इलाज, काडीपेटी. ‘माझ्या रानात मी पेटवतो, कुणाचं काय जातं?’ असं पारावर ठणकावून सांगणारेही भेटतात. जातं ते शेजाऱ्याचं. वारं फिरलं की पलीकडच्या ठिबकच्या नळ्या वितळतात, कडब्याची गंजी जाते, बांधावरचा लिंब होरपळतो. बंब तालुक्याहून निघणार, आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात विझवायला पाणी तरी कुठलं? ज्यांनी कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोपीत संसार मांडलाय, त्यांना पाचट कसं भडकतं हे मी काय सांगू!

बीडजवळ पालवणच्या उघड्या डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथं पहिलं वृक्षसंमेलन भरलं, अध्यक्षपदी चक्क वडाचं झाड. पुढं त्याच डोंगरानं वणवाही पाहिला. माणसांनी पाणी घालून वाढवलेली झाडं जळायला एक दुपार पुरते.

कायद्याचंही ऐका. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000 रुपये भरपाई घ्यावी, असं राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्येच बजावलंय. नगरपालिकेच्या हद्दीत झाडलोट करून कोपऱ्यात ढीग पेटवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. त्या ढिगात प्लॅस्टिक असतं आणि त्याचा धूर शेजारच्या लेकराच्या छातीत जातो. निष्काळजीपणे विस्तव पेटवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. राखीव जंगलाला आग लावणं तर 1927 च्या वन कायद्यानुसार गुन्हाच आहे.

मग पाचटाचं करायचं काय? सरीतच ठेवा. टनामागं 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारं जिवाणू खत टाका, ओल राखा. जमिनीत ओलावा टिकतो, तणही कमी उगवतं. पऱ्हाटीची कुट्टी करा. भाड्याचं यंत्र चार जणांनी मिळून आणलं तर परवडतं. नाही जमलं तर सरपणाला द्या. झाडाचा पाला खड्ड्यात घाला.

आणि डोंगरावर धूर दिसला, तर व्हिडिओ काढत उभं राहू नका. आधी वन विभागाच्या 1926 वर किंवा 112 वर फोन लावा.