छंदाला वेळ कुठून येतो?

‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा २००५ सालचा चित्रपट परवा आम्ही सात-आठ जणींनी एकत्र बसून पाहिला. नावातला ‘इंडियन’ भारतीय नव्हे बरं का, त्या नावाची अमेरिकन मोटारसायकल! न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिल गावचा बर्ट मन्रो १९२० साली घेतलेली आपली गाडी शेडमध्ये वर्षानुवर्षं सुधारत राहतो. पिस्टनसुद्धा स्वतः ओततो. साठी उलटल्यावर ती गाडी घेऊन अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पोचतो. खऱ्या मन्रोनं तिथं १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, १००० सीसीच्या आतल्या गटात ताशी सुमारे १८४ मैलांचा विक्रम केला.

चित्रपट गोड आहे. अँथनी हॉपकिन्सचं काम तर झकासच. म्हातारपण म्हणजे कोपऱ्यात बसणं नव्हे, हे पाहून आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण चहा पिताना एकीनं विचारलं, “अगं, याच्या घरचं कोण बघत होतं?”

खरा मन्रो १९२७ साली लग्न केलेला, चार मुलांचा बाप होता. १९४७ साली घटस्फोट झाला आणि पुढे नोकरी सोडून तो गाडीच्याच मागे लागला. पडद्यावर ती बायको नाही, ती मुलं नाहीत. त्या संसारात कुणाचं चुकलं, हा आपला प्रश्न नाही. पण संसार वगळला की स्वप्न कसं निर्मळ दिसतं! चित्रपटातल्या बायका त्याला वाटेत भेटतात, मदत करतात, माया लावतात आणि मागे राहतात.

आता आपल्याकडची गोष्ट बघा. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि जिंकल्या. कशासाठी? नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट २०२० साली आला. त्यात काम त्यांनीच केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला. त्यांच्या हिमतीला सलामच. पण दोन्ही टाळ्यांत फरक आहे. मन्रोला धावायला हौस पुरते. लताबाईंच्या धावण्याचं कौतुक करताना मात्र आपण आधी नवऱ्याचं आजारपण सांगतो. एखादी साठीची बाई नुसतं “मला पळायला आवडतं” म्हणून पळाली असती, तर? “या वयात ही काय थेरं!” हेच ऐकावं लागलं असतं ना?

आणि दोष फक्त समाजाला कशाला द्या? आपल्या गटांत आपण कर्ज, रेशन, मारहाण यांबद्दल बोलतो, बोलायलाच हवं. पण “तुला काय करायला आवडतं?” असं किती जणींना विचारतो? मी एका बाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, “सगळं आवरल्यावर बघू.” मैत्रिणींनो, बाईचं ‘सगळं’ कधी आवरतं का?

छंदाला पैसा लागतो, त्याहून जास्त वेळ लागतो. एकाला वेळ मिळतो तेव्हा बहुधा दुसरं कुणीतरी तो देत असतं. तेव्हा पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपली एक हौस सांगायची. आणि त्या तासाभरात घरचं काम कोण करणार, त्याचं नावही तिथंच सांगायचं.