डॉल्बीची सुपारी रद्द करा, लेझीमचा सराव सुरू करा!



सण आपले, रस्ते आपले, वर्गणी आपली. आवाज मात्र भाड्याने आणलेला. उत्सव कोणताही असो, जयंती कुणाचीही असो, ट्रकवर रचलेली डॉल्बीची भिंत गल्लीत शिरते आणि खिडक्यांची तावदानं थरथरू लागतात. पाळण्यातलं लेकरू दचकून उठतं. म्हातारी माणसं कानांवर हात दाबून आतल्या खोलीत जाऊन बसतात. बायका दारं लावून घेतात. ज्यांच्या दारावरून मिरवणूक जाते, त्यांनाच तिच्यापासून लपावं लागतं. याला उत्सव म्हणायला आमचा ठाम नकार आहे.

उत्सव कसा करायचा हे सोलापूरला बाहेरच्यांनी शिकवायची गरज नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत श्री सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज 68 लिंगांच्या यण्णीमज्जनासाठी, म्हणजे तैलाभिषेकासाठी, निघतात. अंगात पांढरी बाराबंदी, कमरेला आधार आणि नंदीध्वजाची उंच, जड काठी सरळ उभी तोलत चाललेला तरुण. एक दमला की दुसरा पुढे होतो, पण काठी कलू देत नाहीत. त्यासाठी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा तिथे मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारा खांद्याला खांदा लावून उभा असतो. नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. आजची पोरं कष्टाच्या परंपरेला येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी एकदा ही मिरवणूक पाहावी.

लेझीमही याच मातीतली. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर वाढलं. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून कामगार आले. साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ गजबजल्या. घरात बोलायची भाषा वेगळी असली तरी लेझीमच्या रांगेत पाऊल एकच पडतं. हलगी शेकोटीवर तापवून कडक केली जाते, पहिला ठेका पडतो, म्होरक्या शिट्टी देतो आणि शे-दीडशे हात एकदम खाली येतात. साखळीतल्या चकत्यांचा झणत्कार एका क्षणी होतो. कुणी अर्धा ठोका चुकला तर शेजाऱ्याला कळतं. डाव बदलतो, रांग वळते, बसते, उठते. हे महिनाभर रोज संध्याकाळी घाम गाळल्याशिवाय जमत नाही. आणि ते एकदा जमलं की पोरगा आयुष्यभर त्या मंडळाचा होतो. डॉल्बीपुढे तो फक्त गर्दीतला एक असतो.

आता कानांचं पाहा. 85 डेसिबल आवाजात आठ तास, हीच सुरक्षिततेची सीमा मानली जाते. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटं उरते. आपल्या पूर्व भागातला कामगार दिवसभर लूमच्या खडखडाटात उभा असतो. त्याच्या आधीच शिणलेल्या कानांवर रात्री आणखी मारा करायचा, तोही त्याच्याच वर्गणीतून?

कायदाही स्पष्ट आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाने, शाळा आणि न्यायालयांभोवती किमान 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. वर्षातल्या मोजक्या दिवसांत रात्री बारापर्यंत मिळते ती सवलत वेळेची आहे, वाटेल तेवढ्या आवाजाची नव्हे.

काहीजण म्हणतात, "डॉल्बी नसेल तर पोरं येत नाहीत." पोरांना तुम्ही कधी लेझीम हातात दिली? काहीजण म्हणतात, "शेजारच्या मंडळाने आणली, आपण मागे का राहायचं?" ही ईर्षा डावांची करा, रांगेच्या लांबीची करा. आणि "आमच्याच सणाला नियम का?" असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर : नियम सर्वांना, एकाच मापाने. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे एकाच दिवशी फासावर गेले. त्या हुतात्म्यांच्या गावात आवाजाला जात-धर्म लावू नका.

म्हणून आमची मागणी आणि आवाहन :

१. मंडळांनी डॉल्बी आणि लेसरची सुपारी देऊ नये. दिली असेल तर रद्द करावी.

२. लेझीमचा सराव आषाढापासून सुरू करावा. मुलींची रांग प्रत्येक मंडळात असावी, आणि ती मिरवणुकीत पुढे असावी.

३. हलगी, ताशा आणि सनई वाजवणारे आपल्याच गावचे कलावंत आहेत. डॉल्बीने त्यांच्या हातचं काम गेलं. त्यांना मानाने बोलवा, मानधन आधी ठरवा आणि मिरवणूक संपताच हातात द्या.

४. नागरिकांनी वर्गणीची पावती घेण्याआधी विचारावं : "डॉल्बी लावणार का?" हो म्हटलं तर पावती घेऊ नये.

५. पोलीस आणि महापालिकेने परवान्याच्या अटी सणाच्या आधी जाहीर कराव्यात, चौकाचौकात आवाज मोजावा आणि कारवाई करताना झेंड्याचा रंग पाहू नये.

हे पत्रक वाचून झालं की शेजारी द्या. आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत उभं राहून हा विषय काढा. एकट्याने बोलायला अवघड वाटत असेल तर गल्लीतली चार माणसं सोबत न्या. मिरवणूक आपली आहे, तिचा ठेका आपणच धरू!

आपले,
शहराच्या पूर्व भागातील रहिवासी