दूरध्वनीचे दुसरे टोक

परदेशी शिकणाऱ्या मुलाने घरी दूरध्वनी करणे आता जवळजवळ फुकट झाले आहे, असे सर्रास म्हटले जाते. पुण्या-मुंबईच्या सुस्थित घरापुरते ते खरेही आहे. परंतु लातूरच्या शिकवणी वर्गांत दोन-तीन वर्षे घालवूनही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जागा न मिळाल्यामुळे ज्यांची मुले रशिया, किरगिझस्तान वा कझाकस्तानात डॉक्टर होण्यासाठी गेली, त्या किल्लारी-सास्तूरकडील शेतकरी घरांचा हिशेब निराळा आहे. संभाषणाला दोन टोके असतात. स्वस्ताई आली ती मुख्यतः परदेशातील टोकाला. गावाकडील टोक गेल्या काही वर्षांत उलट महागले आहे.

नव्वदच्या दशकातील पिवळ्या पाटीची एसटीडी-आयएसडी केंद्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना रात्री अकरानंतरच्या पावपट दरासाठी लागणारी रांग आणि यंत्रावर धावणारे लाल आकडे आठवत असतील. बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष त्या आकड्यांकडेच असे. परदेशी संभाषणाची विदेश संचार निगमची मक्तेदारी २००२ च्या एप्रिलमध्ये संपली आणि इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास त्याच सुमारास देशात परवानगी मिळाली. २००३ मध्ये स्काइप अवतरले. त्या काळी अमेरिकेतला विद्यार्थी देशी किराणा दुकानातून ‘कॉलिंग कार्ड’ घेई. कार्डावर छापलेली मिनिटे आणि प्रत्यक्ष मिळणारी मिनिटे यांचा मेळ क्वचितच बसे, कारण जोडणी आकार, देखभाल आकार वगैरे गोष्टी बारीक अक्षरांत लपवलेल्या असत. अमेरिकेच्या नियामकांना अशा कंपन्यांना अखेर दंड करावा लागला. पुढे २०१५ मध्ये व्हॉट्सअॅपवर बोलण्याची आणि २०१६ मध्ये एकमेकांना पाहत बोलण्याची सोय झाली. त्याच २०१६ मध्ये जिओमुळे देशातील डेटाचे दर कोसळले आणि कार्डांचा बाजार उठला. ज्याने हा मार्ग दाखवला, ते स्काइपही २०२५ च्या मे महिन्यात बंद झाले.

या सोयीची एक अट मात्र सहसा कोणी उच्चारत नाही. दोन्ही टोकांना इंटरनेट हवे. आईच्या हाती बटणांचा साधा मोबाइल असेल, तर मुलाच्या वसतिगृहातील फुकट वाय-फायचा तिला काडीचा उपयोग नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या अंदाजाप्रमाणे देशात असे साधे मोबाइल वापरणारे सुमारे १५ कोटी ग्राहक आहेत. २००३ पासून मोबाइलवर येणारा कॉल मोफत झाला, तेव्हा या ग्राहकांची मोठीच सोय झाली होती. खिशात दहा रुपये नसले तरी मुलाचा आवाज ऐकू येई. २०१८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आणि येणारा कॉल ऐकण्यासाठीही दर २८ दिवसांनी पैसे मोजण्याची वेळ आली. (२८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला तेरा महिने होतात, हे गणित ज्याने शोधले त्याच्या बुद्धीला दाद द्यावी लागेल.) २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर आणखी वाढवले. त्या वर्षाच्या डिसेंबरात प्राधिकरणाने, ज्याला डेटा नको त्याला केवळ बोलण्याचे व संदेशांचे वेगळे पॅक मिळालेच पाहिजे, असा नियम केला. नियम उत्तम होता. पण २०२५ च्या जानेवारीत जे पॅक बाजारात आले, त्यांत ८४ दिवसांना साडेचारशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते. डेटा काढून घेतला तरी ओझे फारसे हलके झाले नाही. शिवाय बँकेचे ओटीपी येतात म्हणून परदेशी गेलेल्या मुलाचा भारतीय क्रमांकही जिवंत ठेवावा लागतो, आणि तो रिचार्जही बहुधा बापाच्याच खिशातून होतो.

साध्या मोबाइलवर परदेशातून स्वस्तात कॉल करण्याचा मार्ग नाही असे नाही. आधी थोडे पैसे भरून अॅपवरून थेट कोणत्याही क्रमांकावर बोलता येते. काही देशांत मासिक योजनेतच भारताची मिनिटे मिळतात. परदेशातून आलेला कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोहोचवण्यासाठी भारतीय कंपनी मिनिटाला किती आकार घेऊ शकते, याची मर्यादा प्राधिकरणाने २०२० मध्ये ३५ ते ६५ पैसे अशी ठरवली होती. म्हणजे या टोकाचा आकार रुपयाच्याही आत. त्याहून कितीतरी पट दर जेथे लागतो, तेथे तो तिकडची कंपनी लावते. मुलाने निघण्यापूर्वी हे दर पाहून घेतले तर पुष्कळ पैसे वाचतील. पण येथेही एक नवी अडचण आहे. परदेशातून येणाऱ्या फसव्या कॉलचा इतका सुळसुळाट झाला की भारतीय क्रमांकाचे सोंग घेऊन येणारे कॉल अडवणारी यंत्रणा दूरसंचार खात्याला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उभारावी लागली. ‘डिजिटल अटके’च्या बातम्या वाचून धास्तावलेला बाप अनोळखी परदेशी क्रमांक दिसताच फोन उचलत नाही, आणि त्याला दोष कसा द्यावा?

दुसरा अडथळा राष्ट्रांच्या सीमांचा आहे. चीनमध्ये व्हॉट्सअॅप चालत नाही. तेथील वुईचॅटवर भारताने २०२० च्या जूनमध्ये बंदी घातली. तेथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीय मुलांची दोन्ही दारे अशी दोन सरकारांनी लावली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रशियाने व्हॉट्सअॅप व टेलिग्रामवरील संभाषणावर निर्बंध आणले. मराठवाड्यातील मुलांना अशा देशांत पाठवणारे दलाल शुल्क, वसतिगृह आणि भारतीय जेवण यांची रसभरित वर्णने करतात. तेथून घरी कोणत्या मार्गाने बोलता येते, हे सांगताना मात्र फारसे कोणी आढळत नाही.

ही बाब केवळ मायेच्या गप्पांपुरती असती तर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. आदल्याच दिवशी गणेश विसर्जन झाले होते. दळणवळण कोलमडल्यावर खुशालीचे निरोप पोहोचवण्यात हॅम रेडिओच्या हौशी चालकांनी मोलाचे साहाय्य केले. दूरदेशी असलेल्या अनेकांना गावाचे नाव आधी दूरचित्रवाणीवर ऐकू आले. आपले माणूस जिवंत आहे की नाही, हे कळण्यास पुढे कित्येक दिवस गेले. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये हेच उलट घडले. संकट मुलांवर होते आणि घरची माणसे रात्रंदिवस फोनकडे डोळे लावून बसली होती. खारकीव आणि सुमीच्या तळघरांतील मुलांना मोबाइलचे चार्जिंग अन्नासारखे पुरवून वापरावे लागले. त्या वर्षी युक्रेनमधून २२,००० हून अधिक भारतीय परतले. अशा वेळी एकाच अॅपवर विसंबलेल्या घराची अवस्था काय होत असेल, हे सांगावयास नको.

उपाय फार खर्चाचे नाहीत. निव्वळ येणारे कॉल वर्षभर चालू ठेवणारा, शे-दोनशे रुपयांचा पॅक प्राधिकरणाला सक्तीचा करता येईल. २०२४ च्या नियमाचा हेतू त्याशिवाय सफळ होणार नाही. ज्या देशांत आपली मुले मोठ्या संख्येने शिकतात, त्यांच्याशी बोलताना परराष्ट्र खात्याने शुल्क व पदवीच्या मान्यतेबरोबरच संभाषणाच्या मार्गाचाही प्रश्न काढावा. आणि हे होईपर्यंत प्रत्येक घराने दोन निरनिराळे मार्ग, बोलण्याची ठरलेली वेळ, आणि मुलाच्या वसतिगृहाचा व तेथील भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून घरात दिसेल अशा जागी लावून ठेवावा. मोबाइलमध्ये साठवलेला क्रमांक मोबाइलच्या बॅटरीबरोबरच संपतो.