आईची आरती आणि अंगठी लोखंडाची

एखादा सत्ताधारी पुरुष भर सभेंत आईची आरती ओवाळूं लागला म्हणजे आमचे लोक टाळ्या पिटतात. टाळ्या पिटण्यापूर्वीं इटलींत मुसोलिनीच्या अमलाखालीं काय घडलें तें ऐकून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.

१९२५ च्या अखेरीस त्याच्या सरकारनें कांहीं बायकांना गांवच्या निवडणुकींत मत दिलें, आणि पुढल्याच वर्षीं त्या निवडणुकाच मोडून गांवावर सरकारी नेमणुकीचा अधिकारी बसविला. पान मांडलें आणि चुलींत पाणी ओतलें! १९२७ च्या मे महिन्यांत त्यानें जाहीर केलें कीं, चार कोटींची इटली शतकाच्या मध्यापर्यंत सहा कोटींची झाली पाहिजे. कशाला? साम्राज्याला माणसें हवींत म्हणून. २५ ते ६५ वर्षांच्या बिनलग्नाच्या पुरुषांवर कर बसला. १९३३ पासून पुष्कळ लेंकरांच्या आयांना रोमास नेऊन मिरवूं लागले. १९३० च्या फौजदारी कायद्यानें गर्भपात हा वंशाविरुद्धचा गुन्हा ठरला. पण बायको, मुलगी किंवा बहीण परपुरुषापाशीं सांपडली म्हणून रागानें तिचा जीव घेणारास सजा काय, तर तीन ते सात वर्षें. देवतेच्या जिवाचें मोल तें एवढें.

आम्ही पडलों शाळामास्तर, म्हणून एक हुकूम आमच्या विशेष ध्यानांत राहिला. १९२६ च्या डिसेंबरांत वरच्या शाळांतून भाषा, इतिहास व तत्त्वज्ञान शिकविण्यास बायकांना मनाई झाली. लहान पोरांचीं नाकें पुसावयास बाई चालते, शहाणपण सांगावयास चालत नाहीं! १९३८ त तर कचेऱ्यांतून शेंकडा दहांहून अधिक बायका नकोत असा कायदाच झाला.

बाईची जागा घरांत, असें म्हणणाऱ्यांनीं शेतांतल्या बाईला मात्र घरीं बसविलें नाहीं. पो नदीच्या खोऱ्यांत व्हर्चेल्ली, नोव्हारा या बाजूस भाताची बेणणी बायकाच करीत. पोटऱ्या बुडेपर्यंत पाणी, कंबर वांकलेली, वर ऊन, खालीं डांस. कोंकणांतल्या आमच्या भगिनींस हें फोड करून सांगावयास नको. त्यांची मजुरी कापली गेली, तेव्हां संप करणें हा गुन्हा असतांही १९२७ त व पुन्हां १९३१ त या बायका संपावर गेल्या. लिहितां न येणाऱ्या मजूरणींनीं हें केलें, तेव्हां मोठमोठे पदवीधर गप्प होते. आम्हांस तर इटलीच्या त्या काळांतलें हेंच पान मोठें वाटतें.

पुढें १९३५ त हबसाणावर स्वारी झाली. त्या वर्षीं १८ डिसेंबरास राणी एलेनानें लग्नाची अंगठी देशाला वाहिली आणि मागोमाग लाखों बायकांनीं वाहिली. आमच्याकडे मंगळसूत्र, तशी त्यांच्याकडे ती अंगठी. सोनें सरकारांत गेलें, बोटांत लोखंडाची आली. मुलगे आधींच लढाईवर गेलेले.

सहा कोटी कांहीं झाले नाहींत. १९५१ च्या खानेसुमारींत पावणेपांच कोटीच भरले; बाईनें पाळणा किती वेळां हालवावा हें हुकुमानें ठरलें नाहीं. मुसोलिनी १९४५ त मारला गेला. १९४६ त तेथील बायकांनीं देशाच्या कारभारासाठीं पहिलें मत दिलें. जीव घेणारास सवलत देणारें तें कलम मात्र १९८१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकांत होतें.