पूर आल्यावर कुणाचा फोन लागणार?

राज्यातल्या एका जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा या आठवड्यात वाचायला मिळाला. जिल्ह्याचं नाव इथे देत नाही, कारण प्रश्न त्या एका जिल्ह्यापुरता नाही. आराखड्यात नद्यांच्या इशारा पातळ्या आहेत, धोकादायक पूल आहेत, दरडप्रवण गावांची यादी आहे, बोटी कुठे ठेवल्यात आणि त्या चालवणार कोण हेही आहे. तयार करणाऱ्यांनी कष्ट घेतलेत, हे पानोपानी दिसतं. मग ‘संपर्क यंत्रणा’ हे प्रकरण येतं. त्यात जिल्हाधिकाऱ्यांपासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांचे मोबाइल क्रमांक आहेत आणि शेवटी एक वाक्य आहे: तालुकानिहाय व्हॉट्सॲप गट तयार करण्यात आले आहेत. प्रकरण संपलं.

वायरलेसचा उल्लेख नाही, संदेश झेलून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरचा नाही. वीज गेल्यावर टॉवर किती तास टिकेल, याचाही नाही.

हे वाचून राग येतो, कारण हा धडा या राज्याने जीव देऊन घेतलेला आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आधी वीज गेली आणि मागोमाग मोबाइल गेले. घराच्या माळ्यावर अडकलेल्या माणसाच्या हातात फोन होता, पण त्याला रेंज नव्हती. त्याआधी ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. रोजच्या फेरीवर आलेल्या त्या चालकाला गावाच्या जागी गावच दिसेना. दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली होती आणि ती बातमी एसटीच्या वेळापत्रकाने बाहेर आली.

‘मग स्वतंत्र यंत्रणा विकत घ्या’ हा सोपा सल्ला आहे. तो पुरेसा नाही, हे सांगायला पोर्तुगालचं उदाहरण फार नेमकं आहे. या स्तंभात ते ओझरतं येऊन गेलंय, पण आज ते नीट मांडायला हवं.

पोर्तुगालने पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि नागरी संरक्षण या सगळ्यांसाठी एकच देशव्यापी रेडिओ जाळं उभारायचं ठरवलं. नाव ‘सिरेस्प’. २००६ मध्ये करार झाला, रक्कम सुमारे ४८.५ कोटी युरो. तंत्रज्ञान टेट्राचं, म्हणजे युरोपातल्या पोलिसांच्या पसंतीचं. टेट्राचं वैशिष्ट्य असं, की नंबर फिरवायचा नाही, रिंग वाजायची नाही. बटण दाबलं की साधारण ३०० मिलिसेकंदांत मार्ग खुला होतो आणि गटातल्या प्रत्येकाला एकाच वेळी आवाज जातो. ‘मागे फिरा’ हे दोन शब्द चाळीस जवानांना एकदमच ऐकू जावे लागतात. त्यांना एकेक करून फोन लावण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात आग वळते.

१७ जून २०१७ रोजी मध्य पोर्तुगालमध्ये पेद्रोगाव ग्रांदेच्या जंगलात वणवा पेटला. ६६ माणसं गेली, त्यातली बहुतेक गाडीत बसून पळताना, रस्त्यावर. आणि नेमक्या त्या रात्री सिरेस्प अडखळलं.

कारण समजून घ्यायला हवं. रेडिओत बिघाड नव्हता, टेट्रातही नव्हता. मनोऱ्यांना मुख्य केंद्राशी जोडणाऱ्या तारा लाकडी खांबांवरून, त्याच जंगलातून गेल्या होत्या. जंगल पेटलं तशा त्या जळाल्या. टेट्राचा मनोरा केंद्रापासून तुटला की मुका होत नाही. तो आपल्यापुरता चालू राहतो. त्याच्या छत्राखालचे लोक एकमेकांशी बोलू शकतात, पण शेजारच्या मनोऱ्याखालच्यांशी नाही आणि नियंत्रण कक्षाशी तर नाहीच. म्हणजे डोंगराच्या अलीकडच्या तुकडीला वाटतं यंत्रणा चालू आहे, पलीकडच्या तुकडीलाही तसंच वाटतं आणि मधलं कुणीच जोडलेलं नसतं. त्यात जे मनोरे जोडलेले होते त्यांच्यावर संभाषणाचा असा लोंढा आला, की बटण दाबूनही जागा मिळेना.

हवेतून जाणारा संदेश वाचवण्यासाठी पोर्तुगालने कोट्यवधी युरो ओतले आणि तो संदेश हवेतून फक्त पहिले काही किलोमीटर जात होता. पुढचा सगळा प्रवास एका जळणाऱ्या तारेवरून होता. बिनतारी म्हणवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेचं हे दुखणं आहे. मनोऱ्याच्या वरच्या टोकाचं, तिथल्या अँटेनाचं सगळ्यांना कौतुक असतं. भरवसा मात्र मनोऱ्याच्या पायथ्याशी ठरतो: तिथे वीज कुठून येते, बॅटरी किती तास चालते, जनरेटरला डिझेल कोण पोचवतो आणि केंद्राकडे जाणारी वाट एक आहे की दोन. या चार प्रश्नांना उत्तर नसेल तर हँडसेट कितीही महागाचा असला तरी उपयोग नाही.

पुढे पोर्तुगालने मनोऱ्यांना उपग्रहाची दुसरी वाट दिली, जनरेटर वाढवले आणि २०१९ मध्ये सिरेस्प चालवणाऱ्या कंपनीची मालकीच सरकारने घेतली. तरीही २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली तेव्हा सिरेस्पमध्ये पुन्हा अडचणी आल्या आणि ही यंत्रणाच बदलायची चर्चा सुरू झाली. त्या दिवशी लोकांनी दुकानांतून सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर उचलले, कारण मोबाइलचे टॉवर काही तासांत एकामागोमाग झोपले होते.

आता याच्या शेजारी दक्षिण कोरिया ठेवू. तिथे जाळं पडलंच नाही.

२००३ मध्ये देगू शहरात भुयारी रेल्वेला लागलेल्या आगीत १९२ लोक गेले. तेव्हापासून कोरियात एकसंध आपत्ती जाळ्याची मागणी होती. ती वर्षानुवर्षं रेंगाळली. २०१४ मध्ये सेवोल ही फेरीबोट बुडून तीनशेहून अधिक जीव गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. मग निर्णय झाला आणि सुमारे दीड लाख कोटी वॉन खर्चून २०२१ मध्ये देशभर ७०० मेगाहर्ट्झवर फक्त आपत्ती यंत्रणांसाठी एलटीई, म्हणजे चौथ्या पिढीचं मोबाइल जाळं उभं राहिलं. पोलीस, अग्निशमन, आरोग्य, नगरपालिका, सगळ्यांच्या हातात एकाच जाळ्याचे सेट. एका बटणावर सगळ्यांशी बोलता येईल अशी सोय.

२९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री सोलच्या इतेवोन भागात एका अरुंद गल्लीत गर्दी चेंगरली आणि १५९ जण मेले. त्या संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांनी, म्हणजे दुर्घटनेच्या जवळजवळ चार तास आधी, एका नागरिकाने पोलिसांना फोन करून माणसं चिरडली जातील असं सांगितलं होतं. त्यानंतर आणखी दहा फोन आले. नवंकोरं जाळं शाबूत होतं. वीज होती, तारा होत्या, सेट होते. पण पोलीस पोलिसांशी बोलत राहिले आणि अग्निशमनवाले आपल्या लोकांशी. संस्था-संस्थांमध्ये व्हायला हवं होतं ते बोलणं नीट झालं नाही, हे पुढे सरकारी अधिकाऱ्यांनीच मान्य केलं.

ब्रिटनमधल्या मँचेस्टरमध्येही हेच घडलं होतं. २२ मे २०१७ च्या बॉम्बस्फोटात २२ लोक गेले आणि अग्निशमन दलाचे जवान घटनास्थळी पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, कारण नियंत्रण कक्षांमध्ये एकत्र बोलणं जुळलंच नाही. तिथली टेट्रा यंत्रणा चालू होती आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या तिन्ही दलांकडे होती.

पेद्रोगाव ग्रांदेत बटण दाबणारा अंगठा होता, पलीकडची तार नव्हती. इतेवोनमध्ये तार होती, बटणाकडे अंगठा गेला नाही. माणसाला संकटात जे रोज करतो तेच आठवतं. सेट कपाटात ठेवायचा आणि वर्षातून एकदा सरावाच्या दिवशी बाहेर काढायचा, ही पद्धत असेल तर खऱ्या रात्री तो कपाटातच राहतो. आणि आपल्या त्या जिल्ह्याच्या आराखड्यात तर दोन्ही उणिवा एकत्र आहेत. घाटातली फायबर रस्त्याच्या कडेनेच येते. दरड रस्ता घेऊन जाते तेव्हा फायबरही जाते. आणि महसूल, पोलीस, आरोग्य, वीज या खात्यांनी एका वायरलेस चॅनेलवर एकमेकांशी बोलण्याचा सराव करावा, असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: आता सगळं फोनवरच होणार आहे. यात तथ्य आहे. मोबाइलचं जागतिक मानक ठरवणाऱ्या मंडळींनी २०१६ मध्ये आपत्कालीन ‘दाबा आणि बोला’ सेवा मानकात आणली आणि तिच्यासाठीही ३०० मिलिसेकंदांचीच कसोटी ठेवली. अमेरिकेने ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांच्या अनुभवानंतर २०१२ मध्ये कायदा करून ‘फर्स्टनेट’ उभं केलं. त्यात जाळं तुंबलं तर सामान्य ग्राहकाला बाजूला सारून अग्निशमनवाल्याला वाट दिली जाते. छायाचित्रं, नकाशे, जखमींची माहिती या गोष्टी टेट्राच्या अरुंद पट्ट्यातून जातच नाहीत. त्यासाठी ब्रॉडबँड लागणारच.

पण ब्रिटनने २०१५ मध्ये मोबाइलवर आधारित नवी आपत्कालीन सेवा हाती घेतली. टेट्रा २०१९ अखेर बंद करायचं ठरलं होतं. ते आजही बंद झालेलं नाही, कारण जवानांना हवा तो भरवसा नव्या सेवेतून अजून मिळालेला नाही.

इथे या स्तंभाचा जुना हट्ट पुन्हा मांडायला हवा. वाचकांना तो पाठ असेल, पण आराखडे लिहिणाऱ्यांपर्यंत तो पोचलेला नाही. मनोरा पूर्ण मेला तरी एका माणसाचा सेट दुसऱ्या माणसाच्या सेटशी थेट बोलला पाहिजे. साधा पोलिसी व्हीएचएफ वॉकी-टॉकी ५ वॉटपर्यंत ताकदीने बोलतो. खिशातला स्मार्टफोन चौथ्या पिढीच्या जाळ्यावर जास्तीत जास्त ०.२ वॉटने बोलतो, तेही फक्त टॉवरशी. दोन फोनांनी टॉवरशिवाय थेट बोलावं अशी तरतूद मानकात आहे, पण बाजारातल्या फोनांत ती जवळपास सापडत नाही. ढिगाऱ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला ‘दोर सोडा’ हे सांगायला सर्व्हर कशाला लागावा?

सह्याद्री याला अनुकूल आहे. व्हीएचएफ लहरींना नजरेची रेषा लागते आणि आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात उंच जागा आहेत. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला तो त्या उंचीसाठीच. तशाच उंचीवर सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा एक रिपीटर ठेवला, तर खालचं खोरं फायबरशिवाय बोलू शकतं. हे तंत्र नवं नाही आणि पोलिसांच्या बिनतारी विभागाला ते उत्तम येतं. या विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे. जिल्हा आपत्ती आराखडा लिहिताना त्याला चर्चेला बसवायला हवं.

आणि हॅम रेडिओ. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओवाल्यांचा एक गट छंदापायी अंदमानात गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन तुटले आणि पोर्ट ब्लेअरहून त्याच गटाच्या सेटवरून मुख्य भूमीशी निरोपांची देवाणघेवाण झाली. एका योगायोगावर धोरण उभं करू नये, हा आक्षेप रास्त आहे. तरीही प्रत्येक तालुक्यातल्या एका महाविद्यालयात परवानाधारक हॅम केंद्र असावं, याबद्दल इथे जराही शंका नाही. लागतो तो एक सेट, एक तारेचा अँटेना, मोटारीची बॅटरी आणि रोज हवेवर बोलायची सवय असलेली चार-सहा मुलं. इतेवोनमध्ये कमी पडली ती हीच सवय.

दिल्लीकडूनही उत्तर यायचं आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०१८ मध्ये पोलीस आणि आपत्ती दलांसाठी नव्या पिढीचं देशव्यापी जाळं उभारण्याची आणि त्यासाठी वेगळे लहरीपट्टे राखून ठेवण्याची शिफारस केली. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७०० मेगाहर्ट्झमधले ५ मेगाहर्ट्झ रेल्वेला दिले, गाड्यांच्या सुरक्षेसाठी. ते योग्यच झालं. मग रेल्वेला जे मिळालं ते दरडीखाली माणसं शोधणाऱ्याला का मिळू नये, हा प्रश्न महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत विचारायला हवा. वादळात कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून कुणाचाही फोन चालू देण्याची सोय ओडिशात फनी चक्रीवादळाच्या वेळी, २०१९ मध्ये, वापरली गेली. ती चांगलीच आहे, पण किमान एक टॉवर जिवंत असेल तरच.

वाचकांनी एक काम करावं. पहिला मोठा पाऊस येण्याआधी होणाऱ्या ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत तीन प्रश्न लेखी द्यावेत: आपल्या गावाचा टॉवर विजेशिवाय किती तास चालतो, तालुक्याच्या ठिकाणी चालू स्थितीतले किती वायरलेस सेट आहेत आणि ते शेवटचे कधी वापरले. उत्तरं मिळाली तर या स्तंभाकडे पाठवावीत. जिल्ह्याच्या नावासकट छापली जातील.