रिशल्यूचे राष्ट्र आणि अनवाणी माणसे

अभ्यासवर्गांत कार्डिनल रिशल्यूचे नाव निघाले की बहुधा त्याला पुरोगामित्वाचे प्रशस्तिपत्र देऊनच चर्चा पुढे सरकते. सरंजामदारांचे कंबरडे त्याने मोडले, विस्कळीत फ्रान्स एका सत्तेखाली आणला, सबब इतिहासाचा गाडा पुढे ढकलला, असा हा युक्तिवाद. तो निखालस खोटा नाही. पण अपुरा आहे. त्यात शेतकरी कोठेच नाही.

१६२४ पासून १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेराव्या लुईचा हा मुख्य मंत्रीच फ्रान्सचा कारभार पाहत होता. ला रोशेल हे प्रॉटेस्टंटांचे बंदर त्याने १६२८ मध्ये वेढा घालून उपासमारीने नमविले. आणि १६३१ मध्ये त्यानेच स्वीडनच्या प्रॉटेस्टंट राजाला कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढण्यासाठी दरसाल ४ लाख टालर देण्याचा करार केला. धर्मगुरूच्या झग्यातील या माणसाने परराष्ट्रनीतीतून धर्माला बाजूला सारले, हे मान्य केलेच पाहिजे. रिकाम्या झालेल्या जागी त्याने राज्याचे हित बसविले आणि त्या हिताचा अर्थ लावण्याचा अधिकार राजाकडे व स्वतःकडे ठेवला.

१६३५ मध्ये स्पेनशी उघड युद्ध सुरू झाले. पैसा कोणी द्यायचा? १६२६ च्या फर्मानाने सरहद्दीपासून दूर असलेले सरदारांचे कोट पाडण्यात आले होते. पण ‘ताय’ या मुख्य करातून सरदारांना असलेली माफी शाबूत राहिली. सरंजामशाहीचा अंत म्हणतात तो हाच काय? बोजा पडला तो कुळांवर, आणि वसुलीवर देखरेखीसाठी ‘आँतांदाँ’ हे राजाचे अधिकारी प्रांतोप्रांती बसले. रिशल्यूच्या राजकीय मृत्युपत्रात जनतेला ओझ्याच्या खेचराची उपमा आहे. स्वतः त्याने मागे ठेवलेली मालमत्ता मात्र सुमारे २ कोटी लिव्रची होती.

१६३९ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर वाळूतील खारे पाणी उकळून मीठ काढणाऱ्या गरिबांमध्ये बातमी पसरली की, मिठावरील जाचक ‘गाबेल’ कर आता त्यांच्यावरही लादला जाणार. अवरांश परिसरात बंड उसळले. वाळूत अनवाणी राबणाऱ्या या लोकांनी आपल्या सेनापतीचे नावच ‘अनवाणी जाँ’ ठेवले. असा कोणी माणूस नव्हता, पण त्याच्या नावाने हुकूम निघत होते. नोव्हेंबरात गासियोंच्या फौजेने त्यांना चिरडले. पाठोपाठ चान्सलर सेगिए रुआँत आला आणि बंड आवरण्यात कुचराई केल्याबद्दल तेथील ‘पार्लमाँ’ हे उच्च न्यायपीठ त्याने तहकूब केले.

१६४८ मध्ये पॅरिसच्या न्यायाधीशांनी रिशल्यूचा वारस माझारिन याच्या कारभाराविरुद्ध मागण्यांची यादी काढली. आँतांदाँ परत बोलवा आणि ताय एक चतुर्थांशाने घटवा, या त्यातील अगदी पहिल्या मागण्या होत्या.