मॅग्नमचा मोह

मोबाइल घेताना आपला पहिला प्रश्न काय असतो? 'कॅमेरा किती मेगापिक्सेल?' बाईक घेताना? 'सीसी किती?' आकडा मोठा म्हणजे वस्तू भारी, असा आपला सरळसाधा हिशेब. माझ्या धुळ्याच्या मामेभावाने, म्हणजे दादाने, हाच हिशेब रायफलला लावला आणि मला या आठवड्याचा विषय मिळाला!

दचकू नका. दादा काही 'भाई' नाही, कापूस पिकवणारा साधा माणूस आहे. आमच्या आजोबांकडे .३१५ बोअरची रायफल होती, पिकाच्या राखणीसाठी घेतलेली. इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली ही रायफल आपल्याकडे बऱ्याच परवानाधारकांच्या घरी दिसते. .३०३ ही लष्कराची गोळी, ती सामान्य माणसाला मिळत नाही. म्हणून नागरिकांच्या वाट्याला .३१५ आली. आजोबांनी सत्तरी ओलांडल्यावर परवान्याचे सोपस्कार झाले आणि ती दादाच्या नावावर आली.

आता दादाचं म्हणणं असं, 'ही म्हातारी झाली गं. नवी मॅग्नम घ्यायची, वर स्कोप बसवायचा आणि काडतुसं घरीच भरायची. व्हिडिओत परदेशातले लोक तेच तर करतात!'

मी जळगावची, पण बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मग काय, पत्रकार माणूस... वाचायला बसले. आणि दादाच्या तिन्ही इच्छा एकेक करून तपासल्या.

मॅग्नम : बाटलीतून आलेला शब्द

'मॅग्नम' हा शब्द बंदुकवाल्यांनी चक्क शॅम्पेनवाल्यांकडून उचलला! नेहमीच्या बाटलीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटरची बाटली ती मॅग्नम. काडतुसाचंही तसंच. गोळीची जाडी तीच किंवा तेवढीच, पण मागे दारू जास्त. त्यामुळे वेग जास्त, मार जास्त. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये काढलेलं .३७५ मॅग्नम हे यातलं गाजलेलं नाव. आफ्रिकेत हत्ती-रेड्यांसाठी ते वापरलं गेलं.

पण फुकट काहीच मिळत नाही, बॉस! गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते, तेवढ्या जोराने रायफल मागे येते. पहिल्या दोन-तीन फैरींत खांदा शेकतो. मग शरीर स्वतःच शहाणं होतं. घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नळी हलते. गोळी हवी तिथे जात नाही. म्हणजे दारू वाढली आणि नेम बिघडला.

आणि जिम कॉर्बेट आठवतोय ना? रुद्रप्रयागच्या ज्या बिबट्याच्या नावावर सरकारी नोंदीत १२५ माणसं होती, तो कॉर्बेटने १९२६ मध्ये मारला. त्याची लाडकी रायफल होती .२७५ रिग्बी. मॅग्नम वगैरे काही नाही, हलकी आणि कमी धक्क्याची. त्याचा भरवसा मारावर नव्हता, ओळखीच्या हत्यारावर होता.

स्कोप : कपाळावरची चंद्रकोर

दादाची समजूत अशी की स्कोप बसवला की झालं, चष्मा लावल्यासारखं लांबचं जवळ दिसणार आणि गोळी तिथेच लागणार. प्रत्यक्षात स्कोप बसवला की काम सुरू होतं.

आधी ज्या कड्यांमध्ये स्कोप बसतो, त्यांचे स्क्रू नेमक्या दाबाने आवळायचे. सैल राहिले तर प्रत्येक फैरीला स्कोप केसभर सरकणार, फार आवळले तर त्याची नळी दबणार. मग आतल्या फुलीची उभी रेघ अगदी उभी आहे ना, ते बघायचं. ती तिरकी असेल तर लांबच्या अंतरावर गोळी डावी-उजवीकडे जाते आणि माणूस उगाच वाऱ्याला शिव्या देतो.

त्यानंतर डोळा आणि काच यांच्यातलं अंतर. साधारण आठ ते दहा सेंटिमीटर लागतं. मॅग्नमवर यात कंजूषी केली तर धक्क्याने स्कोपची कड थेट भुवईवर आदळते. जखम कशी होते माहितेय? अर्धगोल! म्हणजे पैठणीवर शोभेल अशी चंद्रकोर, पण टाके घालून.

आणि मग खरी परीक्षा, झिरोइंग. म्हणजे फुली जिथे, गोळी तिथे, हे जमवून आणणं. सुरुवात २५ मीटरवरून करायची. रायफल टेकूवर ठेवून तीन गोळ्या. कागदावरची तीन भोकं जवळजवळ आली तर त्यांचा मध्य कुठे आहे ते मोजायचं आणि स्कोपचं बटण फिरवायचं. बऱ्याच स्कोपवर एका 'क्लिक'ला १०० मीटरवर गोळी सात मिलिमीटरच्या आसपास सरकते. म्हणजे तिथे गोळ्या सात सेंटिमीटर खाली लागत असतील तर वर दहा क्लिक. २५ मीटरवर तेच क्लिक पावणेदोन मिलिमीटरचंच काम करतं, त्यामुळे चौपट फिरवायचं. पाचवीतलं गणित!

मध्ये मध्ये थांबायचं, कारण नळी तापली की गोळ्या सरकतात. आपल्याकडे तर मे महिन्यात जमिनीवरून उठणारी झळ स्कोपमध्ये अशी नाचते की कागदच पाण्यात असल्यासारखा दिसतो. म्हणून हे काम सकाळी लवकरचं. आणि हे सगळं शेताच्या बांधावर नाही हं! रेंजवर, मागे मातीची भिंत असताना. रायफलची चुकलेली गोळी किलोमीटरभर आणि त्याहूनही पुढे जाऊ शकते.

घरचं काडतूस? विसरा!

आता तिसरी इच्छा. काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी पुंगळी, तळाशी ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि गोळी. अमेरिकेत हौशी लोक रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात. प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही एकच काडतूस सारखं मानवेल असं नाही. म्हणून ते लोक दारूचं वजन, गोळीचं वजन बदलत बदलत आपल्या रायफलला काय रुचतं ते शोधतात. आजी प्रत्येक नातवाच्या आवडीप्रमाणे तिखट कमी-जास्त करते ना, तसं. फरक एवढाच, की इथे तिखट जास्त झालं तर रायफल डोळ्यासमोर फुटू शकते.

त्यात आपलं खानदेशी ऊन! भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जाणं आपल्याला नवं नाही. दारू तापली की पुंगळीतला दाब वाढतो. इंग्रजांच्या काळात भारत आणि आफ्रिकेसाठीच्या काडतुसांत दारू मुद्दाम कमी भरली जायची, ती याच कारणासाठी. लंडनच्या थंडीत जे काडतूस शहाण्यासारखं वागतं, ते इथल्या मे महिन्यात डोकं फिरवून घेतं.

पण दादासाठी सर्वांत मोठा मुद्दा कायद्याचा. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्यातल्या 'दारूगोळा' या व्याख्येत तयार काडतूसच नाही, तर त्याचे सुटे भाग आणि ते बनवायचं यंत्रही येतं. परवान्याशिवाय ते बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. रायफल बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'व्हिडिओत हे कोणी सांगत नाही भो!'

गंमत म्हणजे, काडतुसं बनवण्यात आपला जिल्हा काही मागे नाही. भुसावळजवळ वरणगावला सरकारी दारूगोळा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे. २०२१ मध्ये देशातल्या अशा कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि वरणगाव 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेलं. लष्कराच्या रायफलींची काडतुसं तिथे बनतात.

आणि 'आपल्या रायफलला काय रुचतं' ते शोधायचा रस्ता कायद्यातही बसतो. नेमबाज तेच करतात. कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या लॉटमधल्या गोळ्या स्वतःच्या रायफलमधून झाडून बघायच्या, ज्या लॉटची भोकं सगळ्यात जवळ येतील तो निवडायचा. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन्स प्रकारात ऑलिम्पिक ब्राँझ जिंकलं, ४५१.४ गुण मिळवून. त्या खेळात .२२ ची छोटीशी गोळी असते, मॅग्नम नाही. मोठं करून दाखवणारा स्कोपही चालत नाही. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? जेमतेम एक सेंटिमीटर!

वरखेड्याचे दिवस

आता तुम्ही म्हणाल, कागदावर भोकं पाडायला एवढा खटाटोप कशाला? उत्तर चाळीसगाव तालुक्यात आहे.

२०१७ च्या उत्तरार्धात गिरणेकाठच्या गावांत एक बिबट्या माणसांवर हल्ले करत होता. किमान पाच माणसं गेली. कापूस वेचणीचा हंगाम, आणि शेतात जायची हिंमत होईना. पिंजरे लागले, पथकं फिरली. नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे जलसंपदा मंत्री गिरीश महाजन हातात पिस्तूल घेऊन शोधमोहिमेत उतरल्याचा व्हिडिओ राज्यभर गाजला. शेवटी ९ डिसेंबरच्या रात्री वरखेडे गावाजवळ हैदराबादचे नवाब शफात अली खान यांच्या गोळीने तो बिबट्या मेला.

त्या एका गोळीमागे कायदा काय मागतो, बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. बिबट्यासारखा प्राणी मारायचा तर परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही लेखी आणि कारणांसह. आधी त्यांची खात्री पटावी लागते की हा प्राणी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवताही येत नाही. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केलं तरी आधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. 'माझी रायफल, माझं शेत' हा फंडा इथे चालत नाही.

याच खानदेशात धरणगावला १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम दहा वर्षांत जवळजवळ दोनशे वाघांच्या शिकारीत हजर होता, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. तेव्हा परवानगी विचारायची कोणाला? आज यावलच्या जंगलात वाघाचा नुसता ठसा दिसला तरी बातमी होते. कायदा एवढा कडक का, याचं उत्तर त्या दोनशेत आहे.

पण मला जास्त अस्वस्थ करतं ते दुसरंच. समजा, त्या रात्री झिरो बिघडलेला असता. गोळी खांद्याऐवजी पोटात लागली असती. जखमी बिबट्या कपाशीत शिरला असता, आणि सकाळी त्याच शेतात कोणीतरी वेचणीला उतरलं असतं. रोजंदारीवर! 'जवळपास लागली' अशी गोळी माणसासाठीही वाईट आणि जनावरासाठीही. बारा क्लिकऐवजी दहा फिरवले, एक स्क्रू सैल राहिला, उन्हात ठेवलेली काडतुसं वापरली... यातल्या कशाचीही किंमत रायफलवाला मोजत नाही. सकाळी शेतात जाणारी बाई मोजते.

म्हणून मॅग्नमच्या आकड्याचं मला काही कौतुक उरलेलं नाही. दादाला मी एवढंच सुचवलं, की आहे ती रायफल आधी परवानाधारक गनस्मिथकडून तपासून घे आणि रेंजवर नेऊन एकाच लॉटच्या गोळ्यांवर ती कागदावर काय करते ते बघ. स्कोपचं नंतर.

आणि तुम्हाला हात शिवशिवत असतील तर? रायफल क्लबात जा, दहा मीटरची एअर रायफल हातात घ्या. तिथला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या डोक्याहून लहान! पहिल्या दिवशी तो लागणार नाही, टेन्शन घेऊ नका. कोच पहिल्यांदा नेम बघतच नाही, तुमची पाच भोकं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघतो. सगळी कोपऱ्यात पण जवळजवळ असतील, तर दोन क्लिकचं काम. पाच दिशांना पाच असतील, तर कुठलंच बटण उपयोगाचं नाही. तिथे माणूसच झिरो करावा लागतो.